अजीज नालबंद आणि मार्शलचं मूळ

घोड्याचा पाय ओढायचा नसतो, मागायचा असतो. हे मला अजीजचाचांनी मी शाळकरी पोरगी असताना सांगितलं होतं. पुढे मी इंग्रजी शिकले, शहाद्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, जाडजूड पुस्तकं वाचली, पण इतकं कामाला येणारं वाक्य मला त्यांत मिळालं नाही. वर्गातल्या गप्प पोरांकडून उत्तर काढताना मी अजून तेच वापरते.

अजीजचाचा म्हणजे सारंगखेड्याचे नालबंद. काम तेच आणि आडनावही तेच. तापीच्या उताराला एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली त्यांची जागा. वर्षभर बैलांना पत्र्या ठोकतात, आणि मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरली की घोड्यांना नाल. यात्रेत कुठून कुठून घोडे येतात. मालकांना गावाचं नावही नीट घेता येत नाही, पण कडुनिंबाखालचा म्हातारा त्यांना ठाऊक असतो.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी घोड्याच्या खांद्याजवळ उभं राहायचं. मग हात खांद्यावरून सावकाश खाली आणत गुडघा, नळी असं करत घोट्यापर्यंत न्यायचा आणि म्हणायचं, "दे बेटा, पाँव दे." घोडा असो, घोडी असो, मारका बैल असो, सगळे बेटाच. एवढं बोलून चाचा गप्प थांबतात. काही घोडी लगेच पाय देतात, काही मुलीच्या बापासारखी विचार करत बसतात. पण शेवटी अंगाचा भार बाजूला जातो, खूर उचलला जातो आणि चाचांच्या मांडीवर येतो. मग मालकसुद्धा मध्ये बोलत नाही.

त्यांची काही मतं मात्र अगदीच भन्नाट आहेत. घोड्याला फक्त उर्दू कळते, अहिराणीत बोललं तर तो मनावर घेत नाही, हे एक. दुसरं, इंग्रजीतले सगळे शब्द फारसीतून चोरलेले आहेत.

"इंग्रजसजोडे काय व्हतं, मॅडम? सम्दं आपलंच लई ग्यात," असं ते मला नेहमी ऐकवायचे.

मला शब्दांची मुळं उकरायची खोड आहे, त्यामुळे असलं बोलणं माझ्या अंगाला लागतं. मी म्हटलं, "चाचा, एक तरी शब्द दाखवा." तेव्हा त्यांच्या अंगावर पायजमा होता. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि तो शब्द खरोखरच फारसीतून आपल्याकडे आणि आपल्याकडून इंग्रजीत गेलेला निघाला. त्या दिवसापासून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ उरला नाही. आमच्या समोरच्याच त्यांच्या घरातून त्यांची बायको, बिबीजानचाची, ओरडायच्या, "इनका घोड़े के सिवा कोई सुनता नहीं, इसलिए मॅडम को पकडते."

या जोडप्याला दोन मुलं. थोरला अजहर, शहाद्याला त्याचं मोबाईलचं दुकान आहे. धाकटी हुमा, माझ्याच हाताखाली एम.ए. करते, शेवटच्या वर्षाला आहे. दोघं माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली, म्हणून दोघांनाही रागवायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

अजहर मनाचा चांगला आहे, पण त्याला थाटाची फार हौस. यात्रेत घोड्यांच्या स्पर्धा होतात, तेव्हा गर्दी मागे सारायला गावातल्या काही तरुणांना पोपटी जाकीट देतात. पाठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, मार्शल. गेल्या यात्रेत अजहरला ते मिळालं आणि नंतर ते त्याच्या अंगावरून उतरेचना. दुकानात जाकीट, लग्नात जाकीट, दूध आणायला जाकीट. वैशाखात घामाघूम झाला तरी जाकीट. दुकानातली पोरं त्याला मार्शलभाई म्हणायला लागली आणि तो ओ द्यायला लागला.

त्यातूनच नावाची गोष्ट निघाली. अजहरच्या डोक्यात बसलं की नालबंद हे आडनाव बदलायचं. गिऱ्हाइकं थट्टा करतात, "फोनले नाल ठोकी दे" म्हणतात. उद्या हुमासाठी स्थळं येतील, ती लोकं पहिलं आडनाव विचारतील. त्याने शेख हे नाव पसंत केलं. का, तर कुठेही चालतं. यात्रा संपली की हुमाला शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. त्यात जे नाव जाईल तेच पदवीवर छापलं जाईल आणि जन्मभर चिकटेल, म्हणून सुरुवात हुमापासून करायची असं त्याने ठरवलं. बाकीचे मागाहून.

चाचांनी यावर एकच उत्तर दिलं. नाव हुमाचं आहे, हुमा ठरवेल.

मला वाटलं होतं ते चिडतील, हातोडी आपटतील. तसं काही झालं नाही. एका संध्याकाळी हत्यारं आवरता आवरता ते मला म्हणाले, "माले वाईट वाटी ऱ्हायनं, मॅडम. मन्हा बाप नालबंद, त्याना बाप नालबंद. पन मी तिले सांगाव नही. वढीसन लिधेल पाय काय कामना?"

आणि हुमाचं काही ठरत नव्हतं. तिला मी दोष देणार नाही. पहिल्या वर्षी हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी टगडक टगडक असा टापांचा आवाज काढायचं. त्या पोराला मी वर्गाबाहेर काढला. पण हुमा तेव्हापासून हजेरीला इतक्या हळू आवाजात उत्तर द्यायला लागली की मला मान वर करून बघावं लागायचं. बापावर तिचा जीव आहे, आणि नावाने तिचा जीव जातो, अशा कात्रीत ती सापडली होती.

त्याच हिवाळ्यात मी आमच्या वर्गासाठी एक उपक्रम ठेवला. प्रत्येकाने एक इंग्रजी शब्द निवडायचा, त्याच्या मुळापर्यंत जायचं आणि सगळ्या कॉलेजसमोर तो प्रवास सांगायचा. कोणी प्रेम घेतलं, कोणी स्वातंत्र्य घेतलं. असे भारदस्त शब्द निवडणाऱ्यांचा मला आधीच कंटाळा येतो. हुमाने मार्शल घेतला.

"दिवसभर घरात तोच शब्द फिरत असतो, मॅडम," ती म्हणाली. "निदान तो आला कुठून ते तरी कळू दे."

आमचं खोदकाम माझ्या ओट्यावर चालायचं. समोर उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात, मांडीवर माझा जुना जाड शब्दकोश, हुमाच्या हातात फोन. पहिल्याच दिवशी ती आनंदाने आली. मूळ सापडलं म्हणाली. युद्धाला लागू होणारा एक इंग्रजी शब्द आहे, मार्शल आर्टमधला मार्शल. तो रोमन लोकांच्या युद्धदेवाच्या नावावरून, मार्सवरून आला. म्हणजे भाईजानचा मार्शलही तिथलाच. खेळ खलास.

मला इतका आनंद झाला की काय सांगू, कारण या खड्ड्यात सगळेच पडतात. मी म्हटलं, "गावात पाटील किती आहेत? सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत का? आवाज सारखा म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत. पुन्हा शोध."

पुढचं मात्र तिने स्वतः उकरलं. इंग्रजी ही मुळात जर्मन कुळातली भाषा. डच, जर्मन, स्वीडिश या तिच्या घरच्या. फ्रेंच लॅटिनच्या कुळातली, म्हणजे शेजारीण. मार्शल इंग्रजीत आला तो या शेजारणीकडून. तिथेच थांबलं तर वाटतं की शब्द परका आहे. पण हुमा थांबली नाही. फ्रेंचमध्ये तो कुठून आला हे बघत गेली, तेव्हा फ्रँक लोक निघाले. हे लोक जर्मन कुळातली भाषा बोलणारे. आजच्या फ्रान्समध्ये शिरले, तिथे राज्य केलं आणि हळूहळू स्वतःची भाषा विसरून तिथली बोलायला लागले. भाषा विसरले, पण काही शब्द मागे ठेवून गेले.

"आपल्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात ना, तसं," हुमा म्हणाली. "येताना तिकडची बोली घेऊन येतात, पण जाताना आपली थोडी तिकडे टाकून येतात."

"बरोबर. मग फ्रँकांनी काय टाकलं?"

तिने फोनमधून वाचलं. मार्‌ह-स्काल्क. दोन शब्दांची जोड. मार्‌ह म्हणजे घोडा. इंग्रजीत घोडीला जो शब्द आहे, मेअर, तो याच मुळाचा. आजच्या जर्मनमध्ये त्याच मुळाचा एक शब्द खंगलेल्या म्हाताऱ्या घोडीला वापरतात.

"आणि स्काल्क?"

"स्काल्क म्हणजे चाकर." ती फोनवर थोडं खाली सरकली आणि हसायला लागली. "आजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ बदललाय, मॅडम. मिश्कील, खोडकर माणूस. म्हणजे घोडा आणि खोडकर. हे तर आमचे अब्बा झाले."

तर मार्शल म्हणजे घोड्यांचा चाकर. तबेल्यात घोड्यांना चारा घालणारा, त्यांची दुखणी बघणारा, त्यांना सांभाळणारा. पुढे राजाचे घोडे सांभाळणारा माणूस राजाच्या जवळचा झाला, मग घोडदळाचा प्रमुख झाला, मग सेनापती. नोकर वर चढत गेला आणि शब्द त्याच्याबरोबर वर गेला. पण फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा एक भाऊ तबेल्यातच राहिला. तिथे आजही नालबंदाला मारेशाल-फेराँ म्हणतात. लोखंडाचं काम करणारा मार्शल.

हुमाने फोन खाली ठेवला. "म्हणजे भाईजान वर्षभर पाठीवर नालबंद लिहून फिरतोय."

मी शेंग खात होते. हसता हसता दाणा असा काही अडकला की बिबीजानचाची समोरच्या घरातून पाणी घेऊन धावत आल्या. काय झालं विचारायला लागल्या तर आम्हा दोघींना सांगता येईना.

मला वाटलं, झालं, पोरीचा प्रश्न सुटला. पण हुमा माझ्यापेक्षा शहाणी निघाली. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "पण मॅडम, मार्शल सेनापती झाला म्हणून त्याला मान मिळाला. अब्बा कुठे सेनापती झाले? ते नालबंदच राहिले." शब्दाचं मूळ सापडलं म्हणून वर्गातला टगडक आवाज थांबत नाही, हे मलाही कळत होतं.

यात्रेच्या पहिल्या दिवशी कॉलेजात हुमाने तिचा मार्शल सांगितला. सुरुवातीला आवाज बारीक होता. फ्रँक लोकांपर्यंत पोचली तेव्हा मोठा झाला. मार्सच्या खड्ड्यात स्वतः कशी पडली हेही तिने सांगितलं, आणि पोरं मनापासून हसली. शेवटी नालबंदाचा उल्लेख आला, पण आपले वडील तेच काम करतात हे ती बोलली नाही. तेवढं तिने गिळलं. पहिला क्रमांक तिलाच मिळाला. मला खूप आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

अजहर कार्यक्रमाला नव्हता, यात्रेमुळे दुकानात गर्दी होती. त्याला फोनवर एवढंच कळलं की बहीण पहिली आली आणि विषय मार्शल होता. मार्शल म्हटल्यावर तो भरून पावला. आत काय होतं हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. त्या संध्याकाळीच त्याने गावाच्या चौकात फ्लेक्स लावला.

आमच्याकडचे फ्लेक्स ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. एका कोपऱ्यात उधळलेले घोडे, दुसऱ्या कोपऱ्यात वाघ. वाघाचा काय संबंध ते वाघालाच माहीत. मधोमध हुमाचा फोटो, आणि तो फ्लेक्सवाल्याने इतका गोरा करून दिला होता की पोरगी मैद्याची वाटत होती. खाली लिहिलं होतं, मार्शल या विषयावर संशोधन सादर करून प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल कु. हुमा अजीज शेख हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, मार्शल अजहर शेख व मित्रपरिवार.

आता गावात शेख एकच, बांगड्यावाले मुसाभाई. सकाळ झाली तशी माणसं पेढे घेऊन मुसाभाईंच्या दारात. कोणी शाल आणली, कोणी नारळ. मुसाभाईंना चार मुलगे आहेत, मुलगी नाही. पण त्यांनी शाल पांघरून घेतली. नंतर मी त्यांना विचारलं, अहो, तुम्ही 'नाही' असं का म्हटलं नाही? तर म्हणाले, नाही म्हणायला तोंड रिकामं पाहिजे ना.

त्याच सकाळी मी आणि अजीजचाचा बरोबरच यात्रेच्या मैदानाकडे निघालो होतो. त्यांच्या हातात हत्यारांची पेटी. चौकात आल्यावर ते थांबले. मान वर करून त्यांनी फ्लेक्स बघितला.

"हाई कोनी पोर शे, मॅडम? भलती हुशार दिखस."

मी कोपऱ्यातल्या वाघाकडे बघत राहिले.

"मुसानी शे का? पन त्याले त पोर नही."

मग ते एकेक अक्षर वाचायला लागले. हुमा वाचलं. अजीज वाचलं. तिथे थांबले. चौकातून घोडे चालले होते, घुंगरं वाजत होती, भज्यांचा वास सुटला होता, आणि हा माणूस स्वतःच्या मुलीच्या फोटोखाली अनोळखी माणसासारखा उभा होता. मला अजहरचा इतका संताप आला की तो समोर असता तर कानाखाली काढली असती.

"मन्ही शे," चाचा म्हणाले. मग पेटी या हातातून त्या हातात घेतली. "चला, मॅडम. घोडा वाट देखी ऱ्हायनात."

मैदानावर हुमा डबा घेऊन आली होती. चौकातून येताना तिनेही फ्लेक्स बघितला होता, आणि मुसाभाईंची शालही. चाचांनी डबा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मैं पहचाना नहीं." तक्रार नव्हती. झालं ते सांगितलं, इतकंच. हुमाचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तोच गडबड उडाली.

म्हसावदच्या इंद्रसिंगांची मोरणी नावाची कुमैत, म्हणजे काळपट तांबडी घोडी. नाचात तिचा हात धरणारं कोणी नाही म्हणतात, म्हणजे पाय. ऐन रिंगणात जायच्या वेळी तिचा पुढचा नाल सैल होऊन लटकायला लागला. इंद्रसिंग घाईघाईने घोडीला चाचांकडे घेऊन आले. नाल ठोकायला दोन माणसं लागतात, एकाने खूर धरायचा आणि दुसऱ्याने ठोकायचं. चाचांना एकट्याने दोन्ही करता येतं, पण शांत जनावर आणि भरपूर वेळ असेल तर. इथे मोरणी ढोल ऐकून थयथय करत होती. पाय धरणारा त्यांचा जोडीदार जिलेबी आणायला गेला तो जिलेबीकडेच राहिला होता.

रिंगणाच्या तोंडाशी पोपटी जाकीट घालून गर्दी मागे सारत होता तो अजहर. चाचांनी त्याला हाक मारली नाही. हाक मी मारली, आणि चांगली जोरात मारली.

अजहर आला. आजूबाजूला त्याची मित्रमंडळी होती, फोन वर करून उभी. त्याने घाईत वाकून घोडीचा पाय धरला आणि ओढला. मोरणीने असा झटका दिला की मार्शल मागच्या मागे चाऱ्याच्या पेंढ्यांत बसला. माणसं हसली.

"खींच मत," चाचा शांतपणे म्हणाले. "माँग."

अजहर उठला, जाकीट झटकलं. त्याने एकदा मित्रांकडे बघितलं आणि एकदा बापाकडे. मला वाटलं हा आता निघून जाणार. पण तो घोडीच्या खांद्याजवळ जाऊन उभा राहिला. हात खांद्यावर ठेवला, सावकाश खाली आणला. लहानपणी पाहिलेलं सगळं त्या हातात होतं, त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. घोट्यापाशी हात थांबला.

"दे बेटा, पाँव दे," तो अगदी हळू म्हणाला.

मोरणीने कान मागे केले, मग पुढे केले. विचार केला. आणि पाय दिला.

अजहर खूर मांडीवर घेऊन वाकून बसला, चाचा खिळे ठोकायला लागले. वाकल्यामुळे जाकिटाची पाठ सगळ्यांसमोर आली, त्यावर मार्शल ही मोठी अक्षरं. हुमा माझ्या शेजारी उभी होती. तिला हसू आवरेना. आणि कॉलेजात जे गिळलं होतं ते तिने भर मैदानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भाईजानच्या पाठीवर जे लिहिलंय ना, ते मुळात याच माणसाचं नाव आहे. घोड्यांच्या चाकराचं. फ्रान्समध्ये आजही नालबंदाला मार्शलच म्हणतात. आणि मला ज्याच्यासाठी पहिला नंबर मिळाला ते हेच, आणि हे माझे अब्बा.

अजहरला पाय सोडता येत नव्हता. तो वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "म्हणजे वर्षभर..."

"हो. वर्षभर."

"मॅडम, ही खरं बोलतेय का?"

"तुझ्या बहिणीला पहिला नंबर मीच दिलाय," मी म्हटलं. "आणि दुसरी गोष्ट. तुझ्या फ्लेक्सची शाल मुसाभाईंनी पांघरलीय. पेढेही त्यांनीच खाल्ले. गावाला शेखांची हुमा माहीतच नाही. तुझ्या बापालाही माहीत नव्हती, आज सकाळी चौकात त्यांनी मला विचारलं, ही कोणाची पोर."

अजहरने बापाकडे बघितलं. चाचा खिळे वळवण्यात गुंग होते, किंवा तसं दाखवत होते. अजहरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घोडीच्या वासाने आलं असं त्याने नंतर सांगितलं, पण मी समोरच होते.

शेवटचा खिळा वळवला, कानशीने खूर घासला, मोरणीने पाय जमिनीवर टेकवून आपटून बघितला. इंद्रसिंगांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अजहरच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "तू कोना रे, भाऊ?"

अजहरने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच गर्दीतून एक म्हातारा बोलला, "नालबंदना पोऱ्या शे तो. पाय कसा धरेल व्हता, देख ना."

अजहरने त्याला दुरुस्त केलं नाही. त्याला ते आवडलं हे मी पाहिलं.

मोरणी रिंगणात गेली आणि अशी नाचली की तंबूंतले स्वयंपाकी हातातली भाकरी टाकून बघायला आले. आम्ही सगळे कडेला उभे होतो. हुमा भावाला म्हणाली, "अर्जात नाव नालबंदच जाणार आहे. मी ठरवलंय. तुला शेख व्हायचं असेल तर हो."

"एका घरात दोन नावं कशी चालतील?" अजहर कुरकुरला. "लोक काय म्हणतील?"

"पेढे मुसाभाईंकडे नेतील."

थोड्या वेळाने अजहर जाकिटाच्या पाठीकडे मान वळवून बघायचा प्रयत्न करत होता. ते मानेला जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि चाचा पुन्हा त्याच वाटेने निघालो. चौकात शिडी लावलेली होती आणि शिडीवर पोपटी जाकीट. अजहरने पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या, त्यांवर हाताने नालबंद लिहिलं होतं. एक पट्टी हुमाच्या नावापुढच्या शेखवर चिकटवली होती, तिरकी. दुसरी स्वतःच्या नावापुढे लावत होता. खाली मुसाभाई उभे, खांद्यावर शाल. ती परत करावी लागेल का, हे ते शिडीवरच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत होते. चाचा त्यांना म्हणाले, राहू द्या, तुम्हाला शोभते.

मग चाचांनी पेटी खाली ठेवली आणि मान वर केली. फोटो तोच होता, तसाच मैद्याचा. कोपऱ्यात तोच वाघ. चाचांनी सगळं नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"आते वळखू ई ऱ्हायनी," ते म्हणाले.